रविवारची बैठक : निळ्या ताटल्या आणणाऱ्यांसाठी

सभासदहो, रविवारी विषय आहे इंग्लंडच्या स्टॅफर्डशरची निळी-पांढरी निसर्गचित्रांची भांडी. घरी एखादी ताटली असेल तर जरूर आणा, फुटकी असली तरी चालेल.

आणण्यापूर्वी काठावरची नक्षी नीट पाहा. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरचं चित्र पातळ कागदावर उतरवून, तो कागद एकदा भाजलेल्या भांड्यावर दाबत आणि मग वरून झिलई देत. त्यामुळे काठाच्या पट्टीचे तुकडे जुळवल्याचा सांधा बहुधा कुठेतरी सापडतोच. मला तर चित्रापेक्षा तो सांधाच जास्त आवडतो! मागे ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर ती विसाव्या शतकातली समजा. स्पोड या स्टॅफर्डशरच्या कारखान्याची ‘इटालियन’ नक्षी १८१६ पासून चालू आहे, तेव्हा निव्वळ नक्षीवरून वय ठरवू नका.

थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकारांच्या भारतातल्या दृश्यांवरून केलेली एखादी ताटली कुणाकडे असल्यास आधी कळवा, तिला वेगळं टेबल ठेवू.

ताटल्यांमध्ये मऊ कापड घाला, वर्तमानपत्र नको. डाग काढायला ब्लीच तर मुळीच नको. ताटली भिंतीवर टांगायचे स्प्रिंगचे हूक घरीच काढून या, त्यांनी काठाचे टवके उडतात.