कागदावर न चढलेल्या जखमा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

ऑल्बनीत तू ज्या हेन्री जॉन्सन बुलेव्हार्डवरून जातेस तो हेन्री जॉन्सन कोण, असं परवा विचारलंस. फोनवर 'पहिल्या महायुद्धातला शूर काळा सैनिक' एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच्या पदकाचं घोडं कागदांत अडलं होतं, आणि ते तोंडी सांगण्यासारखं नाही.

ऑल्बनी स्टेशनवरचा हा हमाल. उंची ५ फूट ४ इंच, वजन जेमतेम ५९ किलो. जून १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या काळ्या सैनिकांच्या पलटणीत दाखल झाला. तीच पुढे ३६९वी इन्फन्ट्री. अमेरिकन सैन्यात तेव्हा काळे-गोरे वेगळे. या पलटणीला आपल्या गोऱ्यांबरोबर लढवायचं नव्हतं, म्हणून ती सरळ फ्रेंचांच्या ताब्यात दिली. हेल्मेट फ्रेंच, बंदूक फ्रेंच.

१५ मे १९१८ ची पहाट उजाडायच्या आधी, आर्गॉन जंगलाच्या कडेच्या चौकीवर जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्यावर होते. अंधारात तार कापल्याचा आवाज आला. जर्मन टोळी किमान १२ जणांची. काही वृत्तांत २४ सांगतात, पण पदकाच्या मानपत्रात 'किमान १२' आहे, तेच धर. रॉबर्ट्स सुरुवातीलाच जबर जखमी झाला आणि पडल्या पडल्या जॉन्सनच्या हातात हातबॉम्ब देत राहिला. बॉम्ब संपले. फ्रेंच बंदुकीत एका वेळी तीनच गोळ्या. त्या झाडून झाल्यावर घाईत त्याने अमेरिकन काडतुसं भरली. दोन्ही काडतुसांची जाडी आणि घडण वेगळी, त्यामुळे बंदूक अडकली. मग तिचा दस्ता फुटेपर्यंत त्याने ती सोट्यासारखी चालवली. तेवढ्यात जर्मन रॉबर्ट्सला उचलून न्यायला लागलेले दिसले, तेव्हा बोलो उपसला. बोलो म्हणजे जड पात्याचा सुरा, आपल्या कोयत्याच्या जातीचा. रॉबर्ट्स कैदेत गेला नाही. जॉन्सनच्या अंगावर २१ जखमा.

फ्रान्सने दोघांनाही 'क्र्वा द गेर' हे शौर्यपदक दिलं, जॉन्सनला वर सोनेरी पाम, म्हणजे ताडपानाचं चिन्ह, लावून. त्याच्या देशाने मात्र त्याचं नाव घेऊन युद्धबचतीची तिकिटं खपवली, पदक दिलं नाही. १९१९ मध्ये सुटका करताना डिस्चार्जच्या कागदावर जखमांचा उल्लेखच केला नाही. कागदावर जखम नाही म्हणजे अपंगत्वाचं वेतन नाही, आणि मोडलेल्या पायाने हमाली कशी करणार? १ जुलै १९२९ ला तो वारला. जखमींना मिळणारं 'पर्पल हार्ट' आजच्या रूपात सुरू झालं १९३२ मध्ये; त्याच्या वाट्याला ते आलं १९९६ मध्ये.

अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक 'मेडल ऑफ ऑनर' मिळणं याहून कठीण. शिफारस ठरावीक मुदतीत व्हावी लागते. मुदत टळली तर ती माफ करायला काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कायदा करावा लागतो. शिवाय त्या काळातले लष्करी कागद लागतात: वरिष्ठांचा अहवाल, साक्षीदारांचे जबाब. वर्तमानपत्रांची कात्रणं कितीही जमवा, त्यांच्यावर काम होत नाही. पुरावा कमी म्हणून २००२ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस'वर त्याची बोळवण झाली. मग २०११ च्या सुमारास न्यूयॉर्कचे सेनेटर शूमर यांच्या कार्यालयाला हवा तसा कागद सापडला: लढाईनंतर अवघ्या काही दिवसांत निघालेलं, फ्रान्समधल्या अमेरिकन फौजेचे सरसेनापती जनरल पर्शिंग यांचं निवेदन, त्यात जॉन्सनच्या पराक्रमाची नोंद. डिसेंबर २०१४ मध्ये मुदत माफ झाली. २ जून २०१५ ला ओबामांनी पदक दिलं ते न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका सार्जंट मेजरच्या हाती, कारण रक्ताचं कुणी सापडलं नव्हतं.

याच्या उलट फ्रेडी स्टोअर्स, याच युद्धातला दुसरा काळा सैनिक. त्याची शिफारस १९१८ मध्येच लिहिलेली होती, पुढे सरकलीच नाही. पदक १९९१ मध्ये, बहिणींच्या हाती. मला हे जास्त चीड आणणारं वाटतं. इथे तर कागदही होता.

आणखी एक, नाहीतर गोंधळशील. लुइझियानातल्या फोर्ट पोल्क या लष्करी तळाला २०२३ मध्ये फोर्ट जॉन्सन नाव दिलं, ते याच्यासाठीच. २०२५ मध्ये पुन्हा फोर्ट पोल्क केलं. आधीचा पोल्क अमेरिकन यादवीत गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनापती. आताचा पोल्क म्हणे वेगळा, दुसऱ्या महायुद्धातला. आडनाव तेवढं तेच.

वॉशिंग्टन पार्कात जॉन्सनचं स्मारक आहे, रविवारी जमलं तर बघून ये. थंडी वाढलीय, टोपी घाल.

तुझी,
आई