फ्रिज नागपूरला येतोय, पण घाई करू नकोस

प्रिय भावा,

तुझा मेसेज वाचला, कुरिअरनं पाठव आणि किती झाले ते सांग म्हणतोस. अरे थांब जरा. फ्रिज तुलाच द्यायचा हे पक्कं आहे, आत्याच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं उभा होता तो, हँडल ओढलं की अजून तसाच खट्ट आवाज येतो, आतल्या एनॅमलला एकच टवका आहे तोही खालच्या कोपऱ्यात. गोदरेजनं फ्रिज बनवायला 1958 साली सुरुवात केली, हा त्यानंतरचा, आणि अशी वस्तू घाईत पाठवून वाट लावायची नाही.

कुरिअरचा हिशोब तुला करूनच दाखवतो. काल टेप घेऊन मोजलं, होणारा लाकडी क्रेट धरून 75 बाय 75 बाय 145 सेंटिमीटर होतोय. हवाई कुरिअरवाले या तिन्हींचा गुणाकार करून 5000 नं भागतात, म्हणजे 163 किलो धरणार, आणि खरं वजन भरेल फार तर 90 किलो! म्हणजे आपण आतल्या रिकाम्या हवेचं भाडं भरायचं. पॅकर्स मूव्हर्सवाल्यांना विचारलं तर ते पूर्ण घर हलवायच्या हिशोबानं बोलतात, एका फ्रिजसाठी ते परवडत नाही.

रेल्वेचा विचार मी खूप केला. महाराष्ट्र एक्सप्रेस इथूनच, कोल्हापूरहून सुटते, त्यामुळे चढवायला वेळ मिळतो, मध्ये गाडी बदलायची नाही हा मोठा फायदा, कारण जड माल जितक्या वेळा उतरतो चढतो तितका तो मार खातो. पण ती गाडी पुढे गोंदियापर्यंत जाते रे, नागपूरला थांबते तेवढ्या वेळात 90 किलोचा डाग, म्हणजे नग, नीट उतरवला जाईल का याची मला काळजी वाटते, आणि राहिला डब्यात तर गोंदियाहून परत आणायची कसरत तुझ्या डोक्यावर. शिवाय माल आल्यावर वेळेत सोडवला नाही तर स्टेशनवर रोजचा आकार चढत जातो. म्हणून मी असं ठरवलंय की फ्रिजचं दार, जाळ्या, ट्रे आणि तुझे ते काचेच्या व्हॉल्व्हचे दोन जुने रेडिओ हे रेल्वे पार्सलनं, वजनाला हलके आणि दोन माणसं उचलतील असे डाग, आणि फ्रिजचं धूड रस्त्यानं.

दार वेगळं काढायला आणखी एक कारण आहे. या जुन्या खटक्याच्या हँडलचं दार आतून उघडत नाही, गोडाऊनमध्ये पोरंसोरं खेळत असतात, कुणी आत जाऊन बसलं आणि दार लागलं तर काय होईल याचा विचारसुद्धा करवत नाही. बिजागरीचे वॉशर आणि पिन मी डबीत घालून दाराला चिकटवून ठेवतो.

आता स्वस्तातला रस्ता ऐक. इथं शिरोली एमआयडीसीला गेलं की नाक्यावर, टपऱ्यांपुढे गाड्या लागलेल्या असतात, त्यात एमएच 31, एमएच 40, एमएच 49 अशा तुमच्याकडच्या पासिंगच्या गाड्या शोधायच्या. माल उतरवून ड्रायव्हर परतीच्या भाड्याची वाट बघत बसलेला असतो, रिकामं जाण्यापेक्षा त्याला कोपऱ्यात एक डाग नेणं परवडतं आणि आपल्यालाही. ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला मध्ये घालायचा, बिल्टी, म्हणजे मालाची पावती, करायचीच, नुसत्या फोनवर माल सोडायचा नाही. दुसरा मार्ग पार्ट लोडचा, म्हणजे इतरांच्या मालासोबत ट्रकमधली थोडी जागा घ्यायची, तिथं गोडाऊन डिलिव्हरी घे, डोअर डिलिव्हरीचे पैसे वाचव, गोडाऊनहून घरी आणायला छोटा हत्ती कर आणि हमाली आधीच ठरवून घे. भाडं टू-पे ठेवू, म्हणजे माल हातात आल्यावरच तू पैसे देशील.

बिल्टीवर बारीक अक्षरात ओनर्स रिस्क, म्हणजे नुकसान झालं तर मालकाचं, असं छापलेलं असतं ते मात्र वाच. दोन वर्षांपूर्वी मी सोलापूरहून रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच कॅबिनेटात असलेला, मागवला होता ना, सांगितलं होतं तुला. रेकॉर्डचा डेक स्प्रिंगवर तरंगता असतो, तो स्क्रूनं खाली आवळून घ्यायचा आणि आर्म, म्हणजे सुईची दांडी, दोऱ्यानं बांधायची असते, पाठवणाऱ्याला ते माहीत नव्हतं आणि मीही सांगायला विसरलो. वरून ट्रान्सपोर्टच्या माणसांनी खोका आडवा टाकला, उभा ठेवा असं लिहिलेलं असूनही. उघडला तेव्हा आर्म मुळातून तुटलेली, दोन व्हॉल्व्हचा चुरा, आणि बिल्टी दाखवून ते मोकळे झाले. कॅबिनेटच्या व्हीनियरवरून हात फिरवताना मला अक्षरशः रडू येत होतं. तेव्हापासून भाड्यात घासाघीस करतो, पॅकिंगमध्ये करत नाही.

यावेळी असं करणार: एमआयडीसीतली जुनी लाकडी पॅलेट खाली, त्यावर फ्रिज उभा, कॉम्प्रेसरच्या पायांखाली थर्माकोल नको, तो दबतो, जाड रबर टाकणार. मागच्या कॉइलवर प्लाय, कारण तांब्याची नळी एकदा दबली की गॅस गेलाच समज, आणि यात जुना आर-12 गॅस आहे, तो आता नव्यानं बनत नाही. चारी बाजूंनी आईची जुनी गोधडी आणि वरून सायकलच्या ट्यूब ताणून बांधायच्या, दोरीपेक्षा त्या बऱ्या, धक्का खातात आणि रंगाला चरे पाडत नाहीत. नंबरप्लेटचे आणि चारी बाजूंचे फोटो तुला आधी पाठवतो.

आल्यावर लगेच प्लग लावू नकोस हं. वाटेत कुणी आडवा केला असेल तर कॉम्प्रेसरचं तेल नळीत चढलेलं असतं, एक दिवस नुसता उभा राहू दे.

सुतार गुरुवारी येतोय. तुझ्या जिन्याची रुंदी आणि स्वयंपाकघराच्या दाराची चौकट, दोन्ही टेपनं मोजून त्याच्या आत कळव, क्रेट त्या मापानंच ठोकायला सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच