तीन पानी पत्र लिहिणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही आणि ते कुणाला कळूही नये. तुम्हाला मराठी येत नसणार, त्यामुळे हे तुमच्यापर्यंत पोचेल असंही नाही. पण बरीच वर्षं मनात आहे, म्हटलं एकदा लिहून तर टाकू.

2002 साली तुम्ही सिरसाच्या डेरा सच्चा सौदा या आश्रमातून, तिथला बाबा राम रहीम साध्वींवर बलात्कार करतो हे सांगणारं ते निनावी पत्र पंतप्रधान वाजपेयींना पाठवलंत तेव्हा मी कॉलेजला होतो, सिरसा हरियाणात आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. ते पत्र माझ्या हातात पडलं थेट 2017 ला, तेही व्हॉट्सॲपवर.

25 ऑगस्टला त्या खटल्याचा निकाल लागला ना, त्या दिवशी आमच्याकडे गणपती बसला होता. नैवेद्य दाखवून झालेला, आम्ही जेवत होतो आणि टीव्हीवर ते पंचकुलाचं कोर्ट चालू. शंभरच्या वर गाड्यांचा ताफा घेऊन बाबा राम रहीम कोर्टात आला आणि दुपारी तीनच्या सुमारास दोषी ठरला, मग जी जाळपोळ सुरू झाली त्यात तीसच्या वर माणसं गेली. बाबाला शिक्षा होऊ नये म्हणून लोक जीव द्यायला-घ्यायला तयार, हे बघून घास तोंडातच राहिला. अण्णा म्हणाले, मोठ्या माणसाला अडकवतात रे, सगळं राजकारण असतं. मी पण मोदक फोडता फोडता "हो ना" म्हटलं. खोटं कशाला बोलू.

कारण आमच्या देव्हाऱ्यातही एक बाबा होते. तुमच्याइतका मोठा डेरा नाही हो, तालुक्याच्या बाहेर एक मठ, दर गुरुवारी आरती, गुरुपौर्णिमेला भंडारा, अण्णा वीस वर्षांचे सेवेकरी. पगार झाला की आधी मठाचं पाकीट बाजूला निघायचं, किराणा नंतर. तुमच्याकडे सिनेमात हिरो, झेड प्लस सिक्युरिटी, निवडणुकीत पाठिंबा मागायला रांगेत उभे नेते, आमच्याकडे नगरसेवक आणि फ्लेक्स. साइज वेगळी, बाकी सेम.

2009 च्या दिवाळीच्या सुट्टीत माझी धाकटी बहीण आठ दिवस मठात सेवेला गेली, बारावीचं वर्ष होतं, अण्णा म्हणाले बाबांचा आशीर्वाद मिळाला की मार्क पडतील. ती चौथ्या दिवशीच एकटी एसटीने परत आली. आईला म्हणाली बाबा रात्री पाय दाबायला एकटीला खोलीत बोलावतात, मी परत जाणार नाही. आईने देवापुढे हात जोडले आणि म्हणाली, तुझ्या मनात पाप आहे म्हणून तुला तसं दिसतं, जप वाढव. आणि मी, सत्तावीस वर्षांचा घोडा, मी काय म्हणालो माहितीये, "तुझ्याच डोक्यात घाण आहे."

तिने परत विषय काढला नाही. लग्न होऊन नाशिकला गेली, सणावाराला यायची, पण गुरुवार आला की काहीतरी कारण काढून निघायची. आम्ही म्हणायचो सासरची ओढ.

तर निकालाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ग्रुपवर तुमचं पत्र आलं. मी चाळायला म्हणून उघडलं. रात्री गुहेत, म्हणजे बाबाच्या खोलीत, बोलावणं, हातात रिमोट, उशाशी पिस्तूल, ते वाचून अंगावर काटा आलाच, पण मी अडकलो ते दुसऱ्याच जागी. तुम्ही घरच्यांना सांगायचा प्रयत्न केलात तेव्हा तुम्हाला काय ऐकायला मिळालं ते लिहिलंय ना तुम्ही, की देवाजवळ राहूनही तुला बरं वाटत नसेल तर कुठे वाटणार, तुझ्या मनात वाईट विचार येताहेत, सद्गुरूचं नाव घे. ताई, हे आमच्या स्वयंपाकघरात बोललं गेलं होतं. जवळजवळ तेच शब्द. कुठे सिरसा कुठे आमचा तालुका, आणि पोरीला गप्प करायचं वाक्य मात्र एकच. मी फोन पालथा ठेवला आणि गच्चीत जाऊन बसलो.

मग जे मिळेल ते वाचत सुटलो. तुमचं पत्र आपल्या 'पूरा सच'मध्ये छापणारे रामचंदर छत्रपती, त्यांना ऑक्टोबर 2002 मध्ये घराबाहेर गोळ्या घातल्या, नोव्हेंबरमध्ये ते गेले. मोठमोठे पेपर असताना सिरसातल्या एका छोट्या पेपरवाल्याने ते छापलं, त्यांचेही आभार इथेच मानतो. त्या खुनासाठी सीबीआय कोर्टाने जन्मठेप सुनावली 2019 मध्ये. हायकोर्टाने तुमच्या पत्राची स्वतःहून दखल घेतली म्हणून सीबीआय आली, नाहीतर कागद फायलीतच राहिला असता. डेरा सोडून गेलेल्या कितीतरी जणी, पण कोर्टात शेवटपर्यंत उभ्या राहिल्या दोघीच. पंधरा वर्षं! आमच्याकडे साधा जमिनीचा दावा इतका लांबला तर माणूस तडजोड करून मोकळा होतो. आणि डेऱ्याच्या आतल्या भाषेत अत्याचाराला 'माफी' म्हणायचे हे वाचलं तेव्हा सेवा, प्रसाद, कृपा या आमच्या शब्दांकडेही मी जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

28 ऑगस्टला रोहतकच्या तुरुंगातच कोर्ट भरलं, न्यायाधीश हेलिकॉप्टरने गेले, दोन्ही गुन्ह्यांची दहा-दहा अशी वीस वर्षं. दुसऱ्या दिवशी गौरी येणार म्हणून बहीण त्याच संध्याकाळी नाशिकहून आली. स्वयंपाकघरात ती खाली बसून भाजी निवडत होती, मी शेजारी बसलो, कधी नव्हे ते शेपूची जुडी हातात घेतली आणि म्हटलं, तू तेव्हा खरं सांगत होतीस, चुकलो मी. ती वर बघेचना. देठ मोडत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला वाटलं होतं तू तरी येशील मठात बघायला." बस, एवढंच. मग डोळे पुसले आणि मलाच ओरडली, काड्या पण टाकतोयस त्यात, उठ इथून.

आई दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं. ती काही बोलली नाही, पण गौरी गेल्यावर देव्हाऱ्यातला तो फोटो पेपरात गुंडाळून माळ्यावर गेला. भिंतीवर चौकोनी डाग अजून आहे. अण्णा मात्र अजून जातात मठात, रिक्षा करून, त्यांच्याशी वाद घालून मी थकलो. मठही चालू आहे, फ्लेक्स आणखी मोठे झालेत. तक्रार करायची का हे आम्ही बहिणीवर सोडलं, ती नको म्हणाली, आणि आता तरी तिचं ऐकायचं असं ठरवलंय.

तुमच्या बाबाची पॅरोलची बातमी आली की मला तुमची आठवण येते. जानेवारी 2023 ला बाहेर आला आणि तलवारीने केक कापला, ऑक्टोबर 2024 मध्ये हरियाणाच्या मतदानाच्या तोंडावर परत बाहेर, जानेवारी 2025 ला तर थेट सिरसाला. ही कसली शिक्षा म्हणायची? तुम्ही कुठे असाल, ही बातमी तुमच्या घरात टीव्हीवर लागत असेल तेव्हा कोण उठून बंद करत असेल, असं काहीबाही डोक्यात येतं. तो किती दिवस आत आणि किती दिवस बाहेर याचा हिशोब सरकारने ठेवावा, माझ्या घरातला हिशोब तुमच्या पत्राने पंधरा वर्षं उशिरा का होईना पण चुकता केला. थँक यू फार तोकडं पडतं, तरी थँक यू ताई.

हे लिहायच्या आधी बहिणीला फोन करून विचारलं, लिहू का. म्हणाली, "लिही, पण माझं नाव घालू नकोस. त्यांनी पण नव्हतं घातलं."

तुमचा,
एका बहिणीचा भाऊ