दाखल्यावर थांबू नका, मूळ पान पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर्वजांचा शोध घेणारे बहुतेक जण चर्चमध्ये जाऊन बाप्तिस्म्याचा दाखला मागतात आणि कागद हाती पडला की परततात. मीही तेच केले आणि चार वर्षे चाचपडत राहिलो. आजीच्या दाखल्यावर तिचे नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावे एवढेच होते. तिचे लग्न कुठे लागले, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. आमच्या चर्चची लग्नाची नोंदवही मी दोनदा चाळली, पण तिचे नाव कुठे दिसले नाही.

शेवटी एका वयोवृद्ध धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याची मूळ वहीच समोर ठेवली. आजीच्या नोंदीशेजारी समासात मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी होत्या : लग्नाची तारीख, आजोबांचे नाव आणि भलत्याच एका चर्चचे नाव! लग्न कुठेही लागले तरी बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवून तिथल्या वहीत ते टिपायचे, असा कॅथलिक चर्चचा नियम १९०८ पासून आहे. माझा दाखला लिहिणाऱ्याने समास उतरवलाच नव्हता.

त्याच नोंदीत आजीच्या धर्ममातेचे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिची जबाबदारी घेणाऱ्या बाईचे, नाव होते. आडनाव आम्हाला अनोळखी. लग्नाच्या वहीत तिची नोंद शोधली, तर तिच्या वडिलांचे नाव पणजीच्या वडिलांचेच निघाले. म्हणजे ती पणजीची सख्खी बहीण! पणजीचे माहेर असे सापडले. धर्ममाता-धर्मपित्याची नावे उगाच लिहिलेली नसतात. त्या नात्यात लग्नाला मनाई असे, म्हणून ती नोंदवण्याचा आदेश कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्येच दिला होता.

या जुन्या वह्या लॅटिनमध्ये आहेत, पण त्याची धास्ती घेऊ नका. तेच तेच वीस-पंचवीस शब्द फिरून येतात. नावांपाशी मात्र जपावे : घरचा जॉन वहीत ‘योआन्नेस’ असतो, जेम्स ‘याकोबुस’. आणि एकाच आईवडिलांच्या पोटी एकाच नावाची दोन मुले दिसली तर आधी दफनाची वही पाहावी. पहिले बाळ गेले की पुढच्याला तेच नाव ठेवत. मी अशा दोन भावंडांना एकच माणूस समजून बसलो होतो.

माझी कळकळीची विनंती चर्चच्या व्यवस्थापनांना आहे. जुनी लोहयुक्त शाई कागद खाते. पणजोबांच्या दफनाच्या नोंदीत आडनावाची पहिली दोन अक्षरे गळून तिथे आरपार भोक पडले आहे. पलीकडच्या पानावरचे शब्द त्यातून दिसतात. प्रत्येक पानाचे समासासकट छायाचित्र घ्या आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. पाने उलटायला माणूस हवा असेल, तर दर रविवारी दुपारी मी येऊन बसेन.

आपला,
एक नियमित वाचक