सॉफ्टवेअर लाखांचं, अन् डेटाबेस सी ड्राइव्हवर!

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या नागपुरात सध्या कॉलेजं, हॉस्पिटलं, हिंगणा-बुटीबोरीतल्या कंपन्या सगळेच सिस्टीम मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घेऊन राहिले आहेत, म्हणजे एका जागी बसून सगळ्या पीसींना अपडेट पाठवायचे, कुठल्या मशीनवर काय इन्स्टॉल आहे ते बघायचं. चांगलंच आहे ते, पेन ड्राइव्ह घेऊन मजले चढणाऱ्या पोरांचा त्रास तरी वाचतो. पण ह्या सॉफ्टवेअरचा सगळा जीव असतो डेटाबेसमध्ये, म्हणजे त्याची सगळी माहिती जिथे साठते तिथे, आणि त्या डेटाबेस सर्व्हरबद्दल खरेदीच्या वेळी कोणी एक शब्द विचारत नाही, हे बघून जीव तुटतो म्हणून लिहितोय.

हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात बोलावलं होतं. तक्रार काय तर सॉफ्टवेअर बेकार आहे, कन्सोल (त्याची मुख्य स्क्रीन) उघडायलाच पाच-दहा मिनिटं लागतात, मग तिथला पोरगा रोज सकाळी सर्व्हर रीस्टार्ट करतो. बघितलं तर विंडोज, एस्क्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर), डेटा, लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद), बॅकअप सगळं एकाच सी ड्राइव्हवर आणि ड्राइव्ह लाल झालेला. डेटाबेसपेक्षा लॉग फाइल कितीतरी मोठी! रिकव्हरी मॉडेल, म्हणजे लॉग किती जपून ठेवायचा ती सेटिंग, फुल ठेवलेलं आणि लॉगचा बॅकअप कधीच घेतलेला नाही. रोज रात्री फुल बॅकअप होतो ना, असं ते म्हणाले, पण फुल बॅकअपने लॉग रिकामा होत नाही हो, त्याला लॉगचाच बॅकअप लागतो, नाहीतर तो डिस्क भरेपर्यंत वाढतच जातो. एकतर दर तासा-अर्ध्या तासाने लॉग बॅकअप लावा, किंवा प्रॉडक्टला चालत असेल तर सिंपल मॉडेलवर ठेवा, त्यात लॉग आपोआप रिकामा होत राहतो. मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरचा, म्हणजे त्यांच्या अशाच सिस्टीम मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचा, डेटाबेस तर सिंपलवरच चालतो.

दुसरी गोष्ट मेमरी. एस्क्यूएल सर्व्हर जसाच्या तसा टाकला की मॅक्स सर्व्हर मेमरीचा आकडा असतो 2147483647 एमबी, म्हणजे लिमिटच नाही, मग तो मिळेल तेवढी रॅम घेत सुटतो आणि त्याच मशीनवर चालणारं मॅनेजमेंट सॉफ्टवेअर आणि विंडोज दोघंही गुदमरतात. 16 जीबीच्या मशीनवर बाकीच्यांसाठी रॅम राखून त्याला 8-10 जीबीची हद्द घालून द्या. सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागत नाहीत, पण कोणी करतच नाही.

डेटा, लॉग आणि टेम्पडीबी (एस्क्यूएल सर्व्हरचा तात्पुरत्या कामाचा डेटाबेस) वेगवेगळ्या डिस्कवर पाहिजेत, आणि त्या डिस्क फॉरमॅट करताना 4 केबीच्या जागी 64 केबीचं अॅलोकेशन युनिट (डिस्कवर जागा देण्याचा सगळ्यात छोटा तुकडा) घ्या, नंतर बदलायचं म्हणजे सगळं उचलून परत मांडावं लागतं. कोलेशनचंही, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम कसा लावायचा त्या नियमांचंही, तसंच. सेटअप विंडोजच्या लोकेलवरून (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून) स्वतःच कोलेशन निवडतो आणि इंजिनियर नेक्स्ट नेक्स्ट करत पुढे जातो, मग मॅनेजमेंट सॉफ्टवेअर म्हणतं मला हे चालत नाही, की बसा परत पहिल्यापासून. आणि एस्क्यूएल सर्व्हरची फुकटची एक्सप्रेस एडिशन टाकून देणाऱ्या व्हेंडरला आधी विचारा की 2022 पर्यंतच्या व्हर्जनमध्ये एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे, शेकडो पीसींची इन्व्हेंटरी आणि हिस्ट्री त्यात किती दिवस मावेल?

सिक्युरिटीचं तर विचारूच नका. 25 जानेवारी 2003 ला एस्क्यूएल स्लॅमर नावाचा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्राम) आला, अवघा 376 बाइट्सचा, दहा मिनिटांत जगभरातले बहुतेक कच्चे सर्व्हर त्याने पकडले. त्याचा पॅच (चूक दुरुस्त करणारा अपडेट) जुलै 2002 मध्येच आला होता! आणि कितीतरी लोकांना आपल्याकडे एस्क्यूएल आहे हेच माहीत नव्हतं, कारण ते दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरसोबत गुपचूप बसलेलं होतं. इथेही नेमकं तेच चाललंय. ज्या सर्व्हरवरून सगळ्या ऑफिसला पॅच जातात त्याचाच डेटाबेस वर्षानुवर्षं अपडेट नाही, एसए अकाउंट (एस्क्यूएल सर्व्हरचं सर्वाधिकार असलेलं खातं) सुरू, पासवर्ड संस्थेच्या नावावर, आणि घरून काम करता यावं म्हणून 1433 पोर्ट (एस्क्यूएल सर्व्हरचा नेटवर्कवरचा दरवाजा) थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला. ज्याच्या हाती हा डेटाबेस लागला त्याच्या हाती तुमचे सगळे पीसी लागले समजा. पोर्ट बंद करा, घरून लागत असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी) घ्या.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, लाइट जाते, एसी बंद पडतो, तेव्हा यूपीएसची बॅटरी संपायच्या आत सर्व्हर आपोआप नीट शटडाउन होतो का तेही एकदा बघून ठेवा.

संस्थाचालकांना आणि खरेदी समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हे सगळं टेंडरमध्येच लिहा: डेटाबेस सर्व्हरची रॅम, वेगळ्या डिस्क, एडिशन, बॅकअप कुठे जाणार आणि पॅच कोण टाकणार. आणि हँडओव्हरच्या दिवशी व्हेंडरला समोर बसवून कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करायला लावा, बॅकअप सक्सेसफुल असा मेल दाखवला तर ऐकू नका. रिस्टोअर झालेल्या डेटाबेसवर सॉफ्टवेअर उघडून तुमच्या पीसींची यादी स्क्रीनवर दिसेपर्यंत शेवटचं पेमेंट सोडू नका.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर