‘पुसू नये’ लिहिलेली कॅसेट

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुमच्या कॅसेटदुरुस्तीच्या दुकानातून निघताना मी पाकीट काढलं आणि तुम्ही हात आडवा केलात. नव्या सांगाड्यासाठी वापरलेल्या रिकाम्या कॅसेटचे पैसे तेवढे घेतलेत आणि म्हणालात, “जसपाल भट्टींबद्दल चार ओळी लिहा कुठेतरी. हिशेब फिटला.” टीव्हीवर ‘फ्लॉप शो’ करणारा तो माणूस चार ओळींत बसणार नाही, म्हणून हे पत्र. आणि चारचौघांसमोर, कारण तुमचं काम चारचौघांना कळायला हवं.

बाबा जाऊन पाच वर्षं झाली. या उन्हाळ्यात माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक व्हीएचएस कॅसेट सापडली. लेबलवर बाबांचं कारकुनी वळणाचं अक्षर: ‘फ्लॉप शो. पुसू नये.’ खाली लाल शाईची रेघ. मागच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टीही मोडून टाकलेली, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये. टेपवर मात्र पांढरी बुरशी चढली होती. तुमच्याआधी मी दोन दुकानांत जाऊन आलो. एकाने न उघडताच सांगितलं, टाकून द्या. दुसऱ्याला मशिनच्या हेडची, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाची काळजी होती, आणि ती रास्तच होती. त्यानेच तपकीर गल्लीतला तुमचा जिना दाखवला, त्याचेही आभार.

तुम्ही कॅसेट खिडकीच्या उजेडात धरलीत, खालचे पाच स्क्रू काढलेत आणि दोन्ही रिळं एखाद्या जखमेची पट्टी सोडवावी तशी अलगद बाहेर घेतलीत. अर्धा इंच रुंदीची ती टेप अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडातून वीत वीत करत फिरत होती आणि कापड करडं होत होतं. एका जागी ती तुटली. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही दोन्ही टोकं कापून सरळ केलीत, मागून चिकटपट्टी लावलीत, नखाने दाबून पाहिलीत आणि म्हणालात, “दोन सेकंद गेले. बाकी सगळं आहे.” तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, तिथे घाई चालत नाही, असं सांगून मला स्टुलावर बसवलंत आणि चहा मागवलात.

मग पडद्यावर मुंग्या आल्या, चित्र दोनदा उडालं, तुम्ही ट्रॅकिंगचं बटण फिरवलंत आणि भट्टींची ती पगडी दिसली. तुम्ही माझ्याकडे न बघता हसलात. त्या हसण्यावरून मी ओळखलं की तुम्हीही तेव्हा ‘फ्लॉप शो’ बघणाऱ्यांतले.

माझ्या भाचीला हे नाव माहीत नव्हतं. तिच्यासारख्यांसाठी थोडं सांगतो. जसपाल भट्टी मूळचे अमृतसरचे, चंदीगडमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकलेले. कॉलेजच्या दिवसांत त्यांनी मित्रांना घेऊन ‘नॉन्सेन्स क्लब’ काढला आणि भ्रष्टाचारावर पथनाट्यं केली. पुढे ‘ट्रिब्यून’ या दैनिकात व्यंगचित्रं काढली. दूरदर्शनच्या सकाळच्या प्रसारणात त्यांची ‘उल्टा पुल्टा’ ही छोटी छोटी प्रहसनं लागायची. आमच्याकडे तेव्हा शाळेची गडबड असायची, पण त्यांचा चेहरा दिसला की बाबा एका पायात चप्पल घालून उभे राहायचे. 1989 मध्ये ‘फ्लॉप शो’ आला. जेमतेम दहा भाग. निर्मिती त्यांच्या पत्नी सविता भट्टी यांची, त्या कामही करायच्या. नट विवेक शौक बरोबर असायचे. पैसा बेताचा, सेट साधे. श्रेयनामावलीत दिग्दर्शकाच्या जागी ‘मिसडायरेक्टेड बाय’. भागाच्या सुरुवातीला तो भाग ज्यांची खोड काढायची त्यांनाच अर्पण केलेला, आणि शेवटी हिंदी सिनेमातल्या एखाद्या गाण्याचं विडंबन. विषय तरी काय? विद्यार्थ्याला घरगड्यासारखं राबवणारा पीएच.डी.चा गाइड, डॉक्टर, ठेकेदार, समारंभाचा प्रमुख पाहुणा. भट्टी स्वतः बहुतेकदा लबाडाच्याच भूमिकेत. आवाज चढवायचे नाहीत, भुवईसुद्धा हलवायचे नाहीत. लबाडी हा जगण्याचा सरळ रस्ताच आहे अशा शांतपणे ते ती करत राहायचे, आणि आपल्याला शेजारचा माणूस आठवायचा. कधी आपण स्वतःही.

ती वर्षं कोणती होती हेही लक्षात घ्यायला हवं. पेपरात पंजाब म्हणजे रोज गोळीबार आणि मृतांचे आकडे. इकडे शाळेत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत सरदारजींवरचे हिणकस विनोद सर्रास चालायचे. तशा काळात एक पगडीवाला माणूस घराघरात येऊन आपल्या सगळ्यांच्या व्यवहारावर बोट ठेवत होता आणि आपण त्याच्याबरोबर हसत होतो. हे किती मोठं काम होतं ते मला फार उशिरा कळलं. त्यांचं नाव निघालं की ‘हो हो, तो कॉमेडियन’ म्हणून लोक पुढे सरकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता बाबांबद्दल. तुम्ही दुकानात विचारलंत, “पुसू नये असं का लिहिलं असेल हो?” तेव्हा मला नीट सांगता आलं नाही.

बाबा एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत होते. कर्मचाऱ्यांची मेडिकल बिलं त्यांच्या टेबलावरून जायची. घरी ते कचेरीचा एक शब्द काढत नसत. संध्याकाळी यायचे, पाय धुवायचे, पेपर उघडायचे. आम्हाला वाटायचं, स्वभावच अबोल. मग खोट्या औषधबिलांवरचा ‘फ्लॉप शो’चा भाग लागला. बाबा आधी नुसते हसले. मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आणि टीव्ही बंद केल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, आईला आणि मला कचेरीतली गोष्ट सांगायला लागले. एका साहेबांचं बिल त्यांनी शेरा मारून परत पाठवलं होतं. त्या दिवसापासून त्यांच्याशी कोणी चहा पीत नव्हतं. आठ महिने हे चाललं होतं आणि घरात कोणालाच पत्ता नव्हता. जेवणं झाली, भांडी घासून झाली, तरी बाबा बोलत होते. आई ओला हात पदराला पुसत दारात उभी राहून ऐकत होती. मी अकरा वर्षांचा होतो. आपले बाबा घाबरतात आणि तरीही सही करत नाहीत, हे मला त्या रात्री समजलं.

त्यानंतर दर भागानंतर बाबा बोलायचे. मामांनी दुबईहून आणलेला व्हीसीआर तेव्हा आमच्याकडे होता. मालिका सुरू झाली तेव्हाच बाबांनी कोरी कॅसेट विकत घेतली होती. त्या घरात ती चैन होती.

भट्टी शेवटपर्यंत तसेच राहिले. चंदीगडमध्ये त्यांनी महागाईवर एक स्टॉल लावला होता. जत्रेत साबण-पावडरींवर रिंगा टाकतात तशा तिथे भाज्या, डाळी आणि तेलावर टाकायच्या. रिंग ज्यावर पडेल ती वस्तू तुमची. विवेक शौक जानेवारी 2011 मध्ये गेले. 25 ऑक्टोबर 2012 च्या पहाटे जालंधर जिल्ह्यात शाहकोटजवळ मोटारीच्या अपघातात भट्टी गेले, वय 57. वीजकपातीवरच्या ‘पॉवर कट’ या त्यांच्या सिनेमाच्या प्रचारासाठी ते फिरत होते आणि दुसऱ्याच दिवशी तो प्रदर्शित व्हायचा होता. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मभूषण मिळालं. अपघाताची बातमी आली त्या रात्री बाबा जेवले नाहीत. ताटावरून उठले तेव्हा आईनेही आग्रह केला नाही.

काका, तुम्ही सहा भाग पूर्ण आणि सातवा अर्धा वाचवलात. पेन ड्राइव्ह हातात देताना म्हणालात, “मधल्या जाहिराती तुमच्या वडिलांनीच कापल्यात, मी काही काढलेलं नाही.” घरी येऊन बघितल्यावर त्याचा अर्थ कळला. एक भाग संपला की चित्राला एक झटका बसतो आणि पुढचा भाग सुरू होतो. तो प्रत्येक झटका म्हणजे पॉजच्या बटणावरचं बाबांचं बोट. सुरुवातीला ते उशिरा दाबायचे, नावं अर्धी निघून गेलेली असायची. तिसऱ्या भागापासून हात बसला. टीव्हीवरून थेट उतरवलेल्या टेपमध्ये खोलीतला आवाज येत नाही, त्यांचं हसू तिथे नाही हे मला माहीत होतं. पण ते बोट आहे.

मेडिकल बिलांच्या भागाशेवटी मात्र झटका येतच नाही. गाणं संपतं, साबणाची जाहिरात लागते, मग दुसरी, मग निवेदिका पुढचा कार्यक्रम सांगायला लागते, आणि तेव्हा कुठे चित्र तुटतं. मला वाटलं, बाबा हसण्यात विसरले असतील. आई बाजूलाच बसली होती, तिने मान हलवली.

“विसरले कसले? ते मला सांगत होते ना, त्या साहेबांचं.”

तिने ती साबणाची जाहिरात पुन्हा लावायला सांगितली. तीनदा बघितली. मग स्वयंपाकघरात गेली आणि तुमच्यासाठी खोबऱ्याच्या वड्या करायला घेतल्या. शनिवारी दुपारी आम्ही दोघं घेऊन येतोय. जिना चढायला तिला वेळ लागेल, पण ती म्हणते, मला त्यांना बघायचंय.

आपला,
फ्लॉप शोच्या कॅसेटवाला