नाव विचारायचं राहून गेलं, भाऊ

नरडाण्याच्या भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुम्ही येऊन गेलात त्याला आज बारा दिवस झाले. रोज दुकान उघडताना ठरवते की आज लिहायचंच, आणि रोज पत्रिकांच्या गडबडीत राहून जातं. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या अंमळनेरात टायपिंगवाल्याला जेवायलाही फुरसत नसते, हे तुम्ही पाहिलंच. आज रविवार. शटर अर्धं ओढून लिहायला बसले आहे. तुम्ही नरडाण्याचे, तलाठी भरतीची तयारी करता आणि नोट्सच्या प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह घेऊन आला होतात, एवढंच मला माहीत. म्हणून पत्र सगळ्यांसमोर लिहिते. कुणीतरी ओळखीचं वाचेल आणि तुमच्या कानावर घालेल.

तुम्ही दारात आलात तेव्हा मी रडत होते. तुम्ही ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून विचारलंत, "मावशी, प्रिंटर चालू शे का?" मी म्हणाले प्रिंटर चालू आहे, बाकी सगळं गेलं. आणि मग अनोळखी पोरापुढे मी काय काय बोलले ते आता आठवतही नाही.

दिवाळीच्या आधी मला एका दुकानदारानं घाबरवलं होतं, की १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० बंद होणार, त्यानंतर तुमचा कॉम्प्युटर सुरूच होणार नाही. त्या तारखेपासून फक्त मोफत सुरक्षा अपडेट थांबणार होती, मशीन होतं तसं चालत राहिलं असतं, हे मला तुमच्या तोंडून कळलं. त्यांनी सांगितलं असतं तर मी घाई केली नसती, लग्नसराई उरकून शांतपणे बदललं असतं. त्यांनी मशीन नेलं, दुसऱ्या दिवशी विंडोज ११ टाकून आणलं, पैसे घेतले आणि गेले. काय बदललं हे दोन मिनिटं थांबून सांगितलं नाही.

सुरू केलं तर स्टार्टचं बटण कोपरा सोडून मधोमध. माझी टास्कबारची पट्टी मी कित्येक वर्षं वरच्या बाजूला ठेवलेली, ती खाली उतरलेली. राइट क्लिक केलं की नेहमीची लांब यादी येईना, आखूडच यायची, आणि कॉपी-पेस्ट एका ओळीत चित्रं होऊन बसलेलं. हात सवयीनं जिथे जायचा तिथे काहीच नसायचं. चार दिवसांनी जागा भरल्याचा निरोप पडद्यावर यायला लागला. मी फोन केला. त्यांनी लांबूनच कॉम्प्युटर ताब्यात घेऊन भराभर काहीतरी बंद केलं, आणि डेस्कटॉप पाटीसारखा कोरा झाला. मी विचारलं, माझ्या फायली कुठे आहेत? तर म्हणाले, "उडाल्या असतील. रिकव्हरीचे वेगळे पैसे पडतील. आणि ताई, आता या वयात नवीन गोष्टींची सवय करा जरा."

तीन लग्नांच्या पत्रिका त्यात होत्या. आपल्याकडची पत्रिका म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. आजोबा, काका, भाऊबंद, मामा, व्याही, प्रत्येकाचं नाव आणि त्या नावाची जागा. एक नाव खाली-वर झालं तर मांडवात अबोला होतो. नवरदेवाच्या काकांनी चार वेळा येऊन, बोट फिरवून प्रूफ तपासलं होतं. ते सगळं पुन्हा बसवायचं, आणि त्यांना काय तोंडानं सांगायचं, या विचारानं मला रडू आलं होतं.

तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात. माऊस माझ्याच हातात राहू दिलात. इकडे जा, तिकडे दाबा असं सावकाश सांगत गेलात, आणि पाच-सात मिनिटांत म्हणालात, "सगळं आठेच शे, मावशी." म्हणजे सगळं इथेच आहे. ते तीन शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. नवीन विंडोज बसवताना बॅकअप घ्यायचा का असं विचारलेलं असतं. कुणीतरी न वाचता हो म्हणून पुढे गेलेलं, त्यामुळे अख्खा डेस्कटॉप वनड्राइव्हच्या, म्हणजे इंटरनेटवर फायली साठवणाऱ्या सोयीच्या, फोल्डरमध्ये जाऊन बसला होता. तिथे फुकटची जागा पाच जीबी, आणि माझ्या पत्रिकांचे फोटोच तेवढे भरतात. ते मधेच बंद केल्यावर पडदा जुन्या जागेकडे बघत राहिला आणि फायली त्या फोल्डरमध्ये राहिल्या. एकही गेलेली नव्हती.

फायली सापडल्या तिथे तुमचं काम संपलं होतं, भाऊ. दुसरा कुणी असता तर उठला असता, आणि तरीही मी त्याचे उपकार मानले असते. तुमची गाडी होती, तुम्ही दोनदा घड्याळ पाहिलं होतं.

फायली डेस्कटॉपवर परत आणल्या तेव्हा त्या डाव्या बाजूला एकाखाली एक, सैनिकांसारख्या रांगेत उभ्या राहिल्या. मी काही बोलले नाही, पण माझा चेहरा उतरलेला तुम्ही पाहिलात. मग टेबलावरची एक चुकलेली पत्रिका उचललीत, ती पालथी केलीत, तिच्यावर पेनानं एक मोठा चौकोन काढलात आणि पेन माझ्या हातात दिलंत. "मावशी, पडद्याकडे बघू नका. तुमचं काय कुठे राहायचं ते यात मांडा."

माझ्या चष्म्याचा नंबर मोठा आहे. आयकॉनखालचं बारीक नाव मी वाचत नाही, जागा ओळखते. मिसळणाच्या डब्यात दिवे गेले तरी हळदीवरच हात पडतो ना, तसं. चालू पत्रिका उजवीकडे वर. छापायला गेलेल्या त्यांच्या खाली. अर्ज आणि प्रतिज्ञापत्रांचे नमुने डाव्या कोपऱ्यात खाली. शाळांचे प्रश्नपत्रिकांचे फोल्डर मधे, आणि त्याच्या बाजूला एक मोकळी जागा, कारण तिथे मी त्या दिवसाचं तातडीचं काम ठेवते. ती मोकळी जागासुद्धा मी चौकोनात काढली. तुम्ही विचारलंत, "इथे काय?" मी म्हणाले, काही नाही, ही रिकामी लागते. तुम्ही हसला नाहीत. मान हलवलीत आणि पडद्यावर तेवढी जागा मोकळी सोडायला लावलीत. आयकॉन आपोआप रांगेत जाणं बंद करून एकेक तुकडा माझ्या हातानं माझ्या जागी ठेवून घेतलात.

एकोणीस वर्षं मी हा धंदा करते. माझ्या कामाला एक मांडणी आहे, ती मी विचार करून लावली आहे, हे त्या दिवसापर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं. ज्याला त्याला वाटायचं बाईनं पसारा मांडलाय. माझा भाचा मागे येऊन 'आत्या, किती कचरा' म्हणत सगळं एका फोल्डरमध्ये ढकलून गेला होता. तुम्ही त्या पसाऱ्याचा नकाशा माझ्याकडून काढून घेतलात.

स्टार्टचं बटण परत डाव्या कोपऱ्यात आलं. खालच्या पट्टीवर प्रत्येक खिडकीचं नाव दिसायला लागलं. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुनी लांब यादी येते, हे तुम्ही मला तीन वेळा करायला लावलंत. पट्टी वर नेता येईल का विचारलं, तेव्हा सगळीकडे शोधून सरळ सांगितलंत, "हे नाही जमणार मावशी, यात तशी सोयच ठेवलेली नाही." मला त्याचंही बरं वाटलं. जमत नाही ते जमत नाही म्हणून सांगणारा माणूस खोटा दिलासा देणाऱ्यापेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. पट्टी आता खालीच आहे, आणि हात हळूहळू तिकडे जायला लागला आहे.

आमच्या गावाला दोन गोष्टींचा मोठा अभिमान. इथे १९४५ साली वनस्पती तेलाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. आणि इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते. कॉम्प्युटर जाणणारी पोरं आता घरोघरी आहेत. पण समोरच्याला कमी न लेखता, त्याच्या हातातलं न हिसकावता शिकवणारा किती दिवसांनी भेटला. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा. तलाठी व्हा, आणि तुमच्या टेबलापुढे सातबारा घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तुमच्यासारखाच माणूस मिळो, एवढंच मंगळग्रहाच्या देवळात जाऊन मागितलं आहे.

तिन्ही पत्रिका वेळेवर गेल्या. काकांनी पाचव्यांदा प्रूफ तपासलं, सगळी नावं जागेवर होती. पैसे तुम्ही घेतले नाहीत, उलट बेचाळीस पानांच्या प्रिंटचे मोजून ठेवलेत. मी गिऱ्हाइकाशी बोलत होते तेवढ्यात गाडीसाठी पळालात. डब्यातलं भरीत आणि कळण्याची भाकरी तुमच्यासाठी काढून ठेवली होती, ती तशीच राहिली.

आणि भाऊ, तुमचा पेन ड्राइव्ह माझ्या मशीनलाच लागलेला राहिला होता. उघडून पाहिलेला नाही. त्या पालथ्या पत्रिकेबरोबर पाकिटात घालून गल्ल्यात ठेवला आहे. परीक्षेच्या आधी या आणि घेऊन जा. दुकान सकाळी साडेनऊला उघडतं.

तुमची,
अंमळनेरची टायपिंगवाली मावशी